पिणाऱ्याच्या भाषेत कोण बोलणार?

चिक्कडपल्लीच्या स्थानकावर मेट्रोत बसले की पुढचे स्थानक नारायणगुडा आणि त्याच्या पुढचे सुलतानबाजार. पाचेक मिनिटांचा हा प्रवास. परंतु आपल्या हैदराबाद शहरात कोणी कोणत्या भाषेत बोलावे, कोणाला बोलू द्यावे आणि कोणाला हुर्यो करून खाली बसवावे, याचा बराच इतिहास या एवढ्याशा टापूत घडला आहे. त्या इतिहासातला एक धागा आज उलगडून पाहावयाचा आहे. तो धागा दारूचा.

दारूचा आणि भाषेचा संबंध काय, असे एखादा वाचक विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. व्यसन सोडविण्याच्या कामात औषधाचा वाटा मुख्यतः सुरुवातीचा. नशा तुटली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, कोणाला फेफरे येते. त्या आठ-दहा दिवसांत डॉक्टर लागतोच, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर जिवावर बेतते. पण तिथून पुढचे बहुतेक काम बोलण्याचे आहे. पिणाऱ्याने कोणापाशी तरी म्हणावे लागते की, मी पितो आणि माझे मला थांबता येत नाही. त्याच्या बायकोला कोणापाशी तरी सांगावे लागते. गावाला दुकानाविरुद्ध बोलावे लागते. शिक्षकाला वर्गात आणि पत्रकाराला वर्तमानपत्रात लिहावे लागते. यांतल्या एकेका वाक्याच्या तोंडावर कोणी ना कोणी हात ठेवलेला असतो. तो हात बहुधा सत्तेचा असतो. मात्र दर वेळी तिचाच असतो असे नाही, हेही पुढे दिसेल.

निजामी अमदानीपासून सुरुवात करू. आबकारी हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी आणि कारी म्हणजे काम. नाव साधे, पण हे पाणी म्हणजे खजिन्याची दुभती गाय होती. जमीनमहसुलानंतर ज्या बाबींवर सरकारची भिस्त असे, त्यांत आबकारी अगदी वरच्या रांगेत. ताडाच्या आणि शिंदीच्या झाडांचा मक्ता लिलावाने जाई, गुत्तेदार बोली लावी आणि गावोगाव दुकाने उघडत. मराठीत दारूच्या दुकानाला आपण ‘गुत्ता’ म्हणतो तो यामुळेच. गुत्ता म्हणजे मुळात नुसता मक्ता. दारूचा मक्ता इतका ठळक झाला की शब्द त्यालाच चिकटून बसला. या शिंदीला शहरातला उर्दू बोलणारा ‘सेंधी’ म्हणे आणि तेलंगणातला शेतकरी ‘कल्लू’. पिण्याची वस्तू एकच, नावे तीन. त्या तीन नावांनी बोलणाऱ्यांना एका सभेत बसवायचे म्हटले की मात्र पंचाईत होई.

मुळात सभा हीच अवघड गोष्ट. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमानुसार सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच होते. पण राज्यातल्या बहुसंख्य लोकांची ती भाषा नव्हती. समाजसुधारणेवर बोलायला त्या मानाने मोकळीक असे. मद्यपानाने संसार बुडतो, असा नीतीचा उपदेश करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. पण त्या संसाराच्या बुडण्यावर तिजोरी भरते, हे पुढचे वाक्य उच्चारले की समाजसुधारणा संपून राजकारण सुरू व्हायचे. त्यामुळे पहिले वाक्य बोलायचे आणि दुसरे गिळायचे, अशी वक्त्यांची रीत पडली असल्यास नवल नाही. अशा अर्धवट उपदेशाने कोणाची दारू सुटत नाही. पिणाऱ्यालाच तेवढे ओशाळे व्हावे लागते.

आता सुलतानबाजाराच्या बाजूला, जांबागेत, विवेकवर्धिनीत जाऊ. ही केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने वाढविलेली, आपल्या हैदराबादी मराठी माणसाच्या अभिमानाची संस्था. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिच्या नाट्यगृहात संस्थानातल्या समाजसुधारकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी अशी भाषणे झाली. मग १२ तारखेला आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर तेलुगूत बोलू लागले, आणि सभेत गोंधळ उडाला. हशा, टाळ्या, आरडाओरडा. त्यांना बोलू दिले गेले नाही. संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते, आणि त्यांच्याच राजधानीत, सुधारकांच्या सभेत, त्यांची भाषा हास्यास्पद ठरली. गोंधळ घालणाऱ्यांत पुढे होते ते मराठी श्रोते. हे तेलुगू इतिहासकार आजही लिहितात. आपल्याकडच्या आठवणींत मात्र ही गोष्ट सहसा सापडत नाही.

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी टेकुमल्ल रंगराव यांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तिच्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली, तिचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये जोगीपेठला झाले, आणि तेलंगणाच्या राजकारणाला वळण लागले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. आपल्या विषयापुरते पाहावयाचे ते एवढेच की, त्या दिवशी वेंकटरामरावांच्या तोंडावर हात ठेवणारा निजाम नव्हता. तिथे गश्ती नव्हती की पोलीस नव्हता. ज्या सुधारणा गावागावांत पोहोचवायच्या म्हणून ती परिषद भरली होती, त्या गावाची भाषाच सभागृहाला नकोशी झाली. शिंदीच्या दुकानापुढे बसलेला तेलंगणातला कुणबी किंवा मजूर इंग्रजी जाणत नव्हता, मराठी जाणत नव्हता, आणि उर्दू त्याला पाटलाच्या आणि पोलिसाच्या तोंडून तेवढी माहीत. त्याच्याशी बोलणार कोण होते?

कर्व्यांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आंध्र जनसंघाचे एक प्रमुख माडपाटी हनुमंतराव यांनी पुढे मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. चिक्कडपल्लीला लागून नारायणगुड्यात ती त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. उर्दू माध्यमाच्या राज्यात या तेलुगू शाळेच्या वरच्या वर्गांना मान्यता द्यायची कोणी, हा प्रश्न आला. ती मिळाली कर्व्यांच्या पुण्याच्या महिला विद्यापीठाची. ज्यांच्या अध्यक्षतेखाली तेलुगू भाषणाची हेटाळणी झाली, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगूत शिकणाऱ्या मुलींना परीक्षेचा दरवाजा उघडून दिला. आणि बायकांना त्यांच्या भाषेत अक्षर मिळाले की काय होते, ते सत्तर वर्षांनी याच तेलुगू मुलखात दिसून आले. त्याकडे येऊच.

त्याआधी १९४७ साल. स्टेट काँग्रेसवर तिचा जन्म होण्यापूर्वीच १९३८ मध्ये बंदी आली होती, ती उठायला १९४६ उजाडले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थान भारतात विलीन करण्याचा लढा पेटला, तेव्हा मराठवाड्याच्या गावांतून एक कार्यक्रम निघाला, शिंदीची झाडे तोडण्याचा. करोडगिरीची नाकी जाळणे, लेव्ही न देणे, तसेच हे. ज्यांना सभेत उभे राहून आबकारीविरुद्ध बोलता येत नव्हते त्यांनी कुऱ्हाड उचलली. निजामाच्या उत्पन्नावरच तो घाव होता. आजही नांदेड-परभणीकडच्या जुन्या मंडळींच्या घरांतून या झाडतोडीच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात.

तो अभिमान साधार आहे. पण व्यसनमुक्तीच्या बाजूने पाहिले तर या कार्यक्रमात पिणारा कोठेच नाही. झाड सरकारी उत्पन्नाचे होते म्हणून ते पडले. त्याच्या रसावर जगणाऱ्याचे पुढे काय झाले, ही चौकशी त्या धामधुमीत होणे शक्य नव्हते. झाड तोडून खजिना आटतो, घशाची कोरड जात नाही. बोलण्याला बंदी असली की माणसे कृती करतात, ही गोष्ट खरी. पण बोलण्याने होणारे काही काम कृतीने होत नाही, हीही तितकीच खरी.

१ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्राला. हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि ज्या तेलुगूला १९२१ मध्ये खाली बसविले होते ती राज्याची भाषा झाली. आता तरी पिणाऱ्याच्या भाषेत सरकार बोलेल, अशी अपेक्षा करण्यास हरकत नव्हती. सरकार बोलले, पण कसे? ऐंशीच्या दशकात सरकारी व्यवस्थेतून प्लास्टिकच्या पिशव्यांतून स्वस्त अरक घरोघर पोहोचू लागला आणि या योजनेला नाव मिळाले ‘वारुणी वाहिनी’. काय हे नाव! ऐकणाराला वाटावे की एखादे स्तोत्र म्हणावयाचे आहे. गावच्या बाईला मात्र त्या पिशवीत नवऱ्याची मजुरी दिसत होती.

१९९१ च्या सुमारास नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. कामावरून परतलेल्या बायका रात्री कंदिलाजवळ बसून अक्षरे गिरवू लागल्या. त्यांच्यासाठी जी पाठ्यपुस्तके झाली त्यांत ‘ग’ गवताचा, असे नव्हते. त्यांच्याच जगण्यातले प्रसंग त्यांत होते: मजुरी, पाणी, आणि अरक. एका गोष्टीतली सीतम्मा नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली. दुसऱ्या पाठात बायका एकत्र आल्या तर काय होते, ते. दुबगुंटा गावच्या बायकांनी हे धडे वाचले, आपसांत चर्चा केली आणि गावातले अरकाचे दुकान बंद पाडले. रोसम्मा नावाची त्यांतली एक बाई पुढे राज्यभर प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये ही आग जिल्हाभर पसरली. लिलाव होऊ दिले नाहीत, अरकाच्या गाड्या अडविल्या.

मग काय झाले? ते पाठ पुस्तकातून मागे घेण्यात आले, असे या चळवळीच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. कारण उघड आहे. साक्षरता सरकारला हवी होती, त्याबद्दल पारितोषिकेही मिळत होती. पण वाचायला शिकलेली बाई पहिले काय वाचते, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. निजामाच्या काळी सुधारणेवर बोलता येई पण महसुलावर नाही. स्वराज्यात अक्षर शिकविता येई पण तो पाठ नको. पाठ निघाला तरी बायका काही पुन्हा निरक्षर झाल्या नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये नेल्लोरमध्ये, ऑक्टोबरमध्ये राज्यभर अरकबंदी झाली. निवडणुकीत रामारावांनी संपूर्ण दारूबंदीचे वचन दिले, आणि जानेवारी १९९५ पासून ती अमलातही आली. १९९७ मध्ये ती उठली. खजिन्याला परवडले नाही.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्या वृत्तपत्रांतूनही तो पुसला जातो. दारूबंदी वेगळी आणि व्यसनमुक्ती वेगळी. दारूबंदी हा राजकारणाच्या तोंडी बसणारा शब्द. तो घोषणेत शोभतो, जाहीरनाम्यात छापता येतो. व्यसनमुक्ती हे एकेका माणसाशी चालणारे, चिकाटीचे, वारंवार अपयश घेणारे काम. आणि चमत्कार असा की, दारूबंदीचा कायदा पुष्कळदा व्यसनमुक्तीच्या पहिल्या वाक्याचाच गळा आवळतो. पिणे गुन्हा ठरले की ‘मी पितो’ हे वाक्य कबुलीजबाब होते. मनुष्य डॉक्टरापाशीही ते बोलताना दाराकडे पाहतो.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला तेव्हा त्यात शब्दांवरही बंधने घातली होती. मादक द्रव्याची प्रशंसा करणे, लोकांना कायद्याविरुद्ध चिथावणी देणे, हेही अपराध. १९५१ मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी बहुतांशी वैध ठरविली. पण प्रशंसा करण्यावरची आणि चिथावणीवरची ही कलमे घटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून काढून टाकली. दारूला चांगले म्हणण्याचा हक्क नागरिकाला मिळाला, हे बरेच झाले. पण मी तिच्या तावडीत सापडलो आहे असे निर्धास्तपणे सांगण्याची सोय त्या कायद्यात कोठे होती? अफू-गर्दाच्या बाबतीत १९८५ च्या केंद्रीय कायद्यात ती थोडी आली: जो व्यसनी मनुष्य आपण होऊन उपचाराला तयार होतो त्याला काही अपराधांपुरते खटल्यापासून संरक्षण मिळते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या. म्हणजे सरकारी कागदावर तरी पिणारा आता रुग्ण आहे.

मुंबईचा तो जुना कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे आणि नावानेही दारूबंदीचाच आहे. दुकानांचे परवाने मात्र त्याच कायद्याखाली निघतात! इकडे तेलंगणाच्या खात्याच्या नावातही बंदी आणि आबकारी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरविले, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद सत्ताधारी आघाडीतल्या एका नेत्याने केला होता. शेतकऱ्याच्या द्राक्षांचे काय होईल तो प्रश्न निराळा. पण ज्याच्या घरी पिणारा आहे त्याला असल्या कोशकार्याने काय मिळणार? त्याउलट त्याच महाराष्ट्रात बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मत द्यावयाचे तर चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालावे तर उभी, बंद व्हावे तर आडवी. भाषेच्या साऱ्या कारस्थानांना वळसा घालून गेलेले हे चित्र आमच्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या सरकारी मराठीतले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे.

नाटक-सिनेमाची गोष्ट निराळी. तिथे बोलण्याची थोडी अधिक सूट मिळत आली. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये बडोद्याच्या, म्हणजे दुसऱ्या एका संस्थानी शहराच्या, रंगभूमीवर आला. पिणाऱ्यांच्या मंडळाला ‘आर्यमदिरामंडळ’ असे भारदस्त नाव देऊन गडकऱ्यांनी पुढे येणाऱ्या सगळ्या वारुणी वाहिन्यांची आगाऊ टर उडवून ठेवली आहे. आमच्या चिक्कडपल्लीच्या चौरस्त्यावर सिनेमागृहांची रांग आहे, त्यामुळे २०१६ ची ‘उडता पंजाब’ची भानगड इथल्या वाचकांना आठवत असेल. पंजाबातल्या अमली पदार्थांवरचा चित्रपट, निवडणूक तोंडावर, आणि परीक्षण मंडळ म्हणे की पंजाब हे नावच वगळा, शिवाय निवडणूक, खासदार असले शब्दही काढा. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि फणसळकर-जोशी यांनी एक काट वगळता चित्रपट मोकळा केला. गावाचे नाव काढून गावच्या रोगाची चर्चा करा, हा आग्रह नवा नाही. फक्त एरवी तो इतक्या स्पष्टपणे लेखी मिळत नाही.

परदेशातही हेच. अमेरिकेत २०२५ मध्ये सरकारी खात्यांत टाळावयाच्या शब्दांच्या याद्या फिरल्याच्या बातम्या आल्या, त्यांत ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दही होता. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने, व्यसनी माणूस जिवंत राहावा म्हणून त्याची हानी कमी करण्याचे जे कार्यक्रम चालतात, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये असे सांगितले. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला मग अर्जात शब्द बदलावे लागतात, आणि शब्द बदलता बदलता काम बदलते.

आपल्या घरी परत येऊ. सत्तेने घातलेल्या बंधनांपेक्षा जुनी अशी एक बंदी आपल्या मराठी घरांत आपणच पाळीत असतो. दारूचे नाव न घेता दारूबद्दल बोलण्याची मराठीत फार सोय. ‘ते थोडी घेतात’, ‘मंडळी बसली आहेत’, ‘आज जरा जास्त झाली’. घेणे, बसणे, होणे. तीन क्रियापदांत सगळा संसार वाहून जातो आणि कर्म कोठेच नाही. आणि तोंड उघडले की एकदम दुसरे टोक, ‘दारुडा’. तेलुगूत ‘तागुबोतु’ म्हणतात, तोही तितकाच झोंबणारा. या दोन टोकांच्या मध्ये एखादा शब्द हवा होता. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्या सुमाराला अनिल अवचटांनी ब्राउन शुगरवर जे लिहिले त्याला नाव दिले ‘गर्द’. हा शब्द कोशातला नव्हे, ओढणाऱ्या पोरांच्या तोंडचा. लेखकाने आधी त्यांचे ऐकून घेतले, मग लिहिले. मराठीत या विषयावर बोलण्याची रीत बदलली असेल तर ती तिथून.

तेलंगणात ताडीची कहाणी याहून अवघड आहे. ती पाडणाऱ्या गौड समाजाचे पोट तिच्यावर, सणासुदीला तिचा मान, आणि वेगळ्या राज्याच्या चळवळीत तर ती आपल्या मातीची खूण ठरली. शहरातली ताडीची दुकाने २००४ मध्ये बंद झाली होती, ती २०१४ मध्ये नव्या राज्यात पुन्हा उघडली. हुसेनसागराच्या काठी २०२३ मध्ये नीरेचे उपाहारगृहही निघाले. नीरा निराळी, ती आंबलेली नसते. पण ताडीविरुद्ध ब्र काढायचा तर तो एका जातीविरुद्ध, एका प्रदेशाविरुद्ध काढल्यासारखा होतो, म्हणून कोणताही पक्ष काढीत नाही. इथे कायदा नाही, गश्ती नाही. तरी मौन आहे. आणि त्या मौनात भेसळ वाढते. झाडाच्या रसाऐवजी पाण्यात झोपेची, गुंगीची औषधे घालून विकली जाते ती ताडीच नव्हे; पण नाव तेच, म्हणून मानही तोच. २०१५ मध्ये या भेसळीवर कडक कारवाई झाली तेव्हा निजामाबाद, महबूबनगरकडची माणसे एकाएकी थरथरू लागली, बरळू लागली. गावाने त्याला वेड म्हटले. वेड कसले, रोजचे गुंगीचे औषध तुटले होते. तसेच मार्च २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने मिटली आणि एर्रगड्ड्याच्या मानसिक रुग्णालयात रांगा लागल्या. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्लीच्या बाजूला तर भेसळीच्या ताडीने माणसे दगावली. ‘नशा एकदम तोडू नका, दवाखान्यात या’, एवढे एक वाक्य गावच्या तेलुगूत आधीच फिरले असते तर २०१५ चे हाल कमी झाले असते, असे आम्हांस वाटते. पण ते वाक्य बोलायचे म्हणजे त्या ताडीत काय असते, हे आधी कबूल करावयाचे.

आणि आता आमचे मराठी घर. चिक्कडपल्ली, काचीगुडा, सुलतानबाजार या भागांत तीन-तीन पिढ्या राहिलेली मराठी माणसे आहेत. पुरुष बाहेर तेलुगू आणि दखनी सफाईने बोलतात. सून मात्र लातूरची किंवा नांदेडची, चार वर्षांपूर्वी आलेली; तिला बाजारापुरती हिंदी येते. नवरा पितो. त्याला रुग्णालयात नेले तर समुपदेशन तेलुगूत, फार तर हिंदीत. त्याचे तो समजून घेईल. पण तिला जे सांगायचे आहे ते, रात्री काय होते, मुलगी का दचकून उठते, हे बाजारच्या हिंदीत सांगता येत नाही. १९२१ मध्ये वेंकटरामराव ज्या जागी उभे होते, त्या जागी आज आमची सून उभी आहे, फक्त भाषांची अदलाबदल झाली आहे. तिला कोणी हुर्यो करीत नाही. ऐकणारा समोर आहे, पण तिची भाषा त्याला येत नाही.

शहरातल्या मराठी संस्थांनी व्याख्यानमाला भरवाव्या, नाटके बसवावी, गणेशोत्सव करावे. ते सर्व हवेच. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ, मराठी जाणणारी एखादी अनुभवी बाई आणि दोन खुर्च्या, एवढी व्यवस्था ग्रंथालयाच्या कोपऱ्यात केली तर तिला व्याख्यानाइतका खर्च येणार नाही. ती होईपर्यंत एक गोष्ट माहीत असावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, नाव सांगण्याची सक्ती नाही. फोन लागला की आपली भाषा निवडता येते. त्यांत मराठी आहे.